अभ्यास पाठ : महायुद्धाला जबाबदार कोण?



गेले काही गुरुवार आपल्या ऑनलाइन अभ्यासवर्गात एकच विषय परत परत निघतो आहे. जगात कुठे ना कुठे युद्ध चालूच असतं, रोज बातम्या येतात, आणि मग आपल्यात दोन तट पडतात. काहीजण म्हणतात, "ज्याने आधी हल्ला केला तो दोषी. विषय संपला." दुसरे म्हणतात, "असं कसं? त्याच्या आधीची पन्नास वर्षं बघा ना." दोन्हीकडे वाचणारी, विचार करणारी माणसं आहेत. शेवटी आवाज चढतो, कोणीतरी "जाऊ दे" म्हणतं आणि विषय तसाच राहतो.

म्हणून आमच्या बेळगावच्या गटाने ठरवलं की आजचं युद्ध घ्यायचंच नाही. ज्याची सरकारी कागदपत्रं आता उघडी झाली आहेत, आणि ज्यावर शंभर वर्षं वाद घालून झाला आहे, असं एक युद्ध घ्यायचं. ते म्हणजे 1914 ते 1918 चं पहिलं महायुद्ध. सुमारे 90 लाख ते 1 कोटी सैनिक त्यात मेले. ऑस्ट्रिया-हंगेरी, जर्मनी, रशिया आणि तुर्कस्तान ही चार साम्राज्यं कोसळली. तरीही "हे केलं कोणी?" या प्रश्नावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. असं का, हे पाहण्यासारखं आहे.

*1. तीन शब्द आधी वेगळे करू*

आपली अर्धी भांडणं तीन शब्द एकमेकांत मिसळल्यामुळे होतात : निमित्त, कारण आणि जबाबदारी.

स्वयंपाकघरातलंच उदाहरण घेऊ. गॅसची नळी महिनाभर चिरलेली होती, हे कारण. कोणीतरी लायटर पेटवला, हे निमित्त. आणि वास येत होता, रेग्युलेटर बंद करणं हाताशी होतं, तरी ज्याने ते केलं नाही, त्याच्याकडे जबाबदारी.

जबाबदार म्हणजे ज्याला जबाब द्यावा लागतो तो. कारण वस्तूत असू शकतं, परिस्थितीत असू शकतं. नळीला मात्र कोणी जबाब विचारत नाही. जबाब माणसालाच द्यावा लागतो, आणि तोसुद्धा त्याच्या हातात जेवढं होतं तेवढ्याचाच. पुढचं सगळं वाचताना हा फरक लक्षात ठेवू या.

*2. सदतीस दिवसांत काय झालं*

28 जून 1914. ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी बोस्नियातल्या सारायेव्हो शहरात आले होते. सकाळीच त्यांच्या गाड्यांवर एक बॉम्ब फेकला गेला, त्यातून ते वाचले. पण पुढे ड्रायव्हरला बदललेला रस्ता नीट कळवला गेला नाही, गाडी चुकीच्या वळणावर थांबली, आणि तिथे उभ्या असलेल्या 19 वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपने दोघांनाही गोळ्या घातल्या. तो बोस्नियातला सर्ब. त्याच्या टोळीला हत्यारं मिळाली ती शेजारच्या सर्बियातून, तिथल्या लष्करी गुप्तहेर खात्याच्या प्रमुखाच्या गुप्त संघटनेकडून.

5 आणि 6 जुलै. ऑस्ट्रियाने जर्मनीला विचारलं, "सर्बियाला धडा शिकवायचा आहे, पाठीशी राहाल का?" सम्राट कैसर विल्हेल्म आणि चॅन्सेलर बेटमान-होलवेग यांनी "जे कराल त्यात सोबत आहोत" असा शब्द दिला. इतिहासात याला 'कोरा चेक' म्हणतात. यानंतर कैसर नॉर्वेकडे समुद्रसफरीला निघून गेले.

23 जुलै. ऑस्ट्रियाने सर्बियाला दहा मागण्यांचं निर्वाणीचं पत्र दिलं. मुदत फक्त 48 तासांची. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष तेव्हा रशियाच्या भेटीवर होते. ते जहाजावर चढून परत निघेपर्यंत हे पत्र मुद्दाम थांबवून ठेवलं होतं, म्हणजे दोन मित्रांना समोरासमोर बसून ठरवता येऊ नये.

25 जुलै. सर्बियाने बहुतेक मागण्यांवर नमतं घेतलं. एक मात्र साफ नाकारली, ती म्हणजे चौकशीत ऑस्ट्रियाचे अधिकारी आमच्या देशात येऊन भाग घेणार ही. ऑस्ट्रियाच्या वकिलाने उत्तर चाळलं आणि तो अर्ध्या तासात बेलग्रेड सोडून गेला.

28 जुलै. कैसर सफरीवरून परतले होते. सर्बियाचं उत्तर वाचून त्यांनी स्वतःच शेरा मारला की आता युद्धाचं काही कारण उरलं नाही. ऑस्ट्रियाने फार तर बेलग्रेड ताब्यात घेऊन थांबावं, असं त्यांनी सुचवलं. ही सूचना व्हिएन्नाला उशिरा आणि पातळ करून पोचली. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने तारेने युद्ध पुकारलं.

29 आणि 30 जुलै. रशियाचा झार निकोलस आणि कैसर हे नात्यातले. दोघांत तारा चालू होत्या, एकमेकांना घरगुती नावाने हाक मारून. झारने संपूर्ण सैन्य गोळा करण्याचा हुकूम दिला, रात्री रद्द केला, दुसऱ्या दिवशी मंत्री-सेनापतींच्या आग्रहाने परत दिला.

1 ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं, 3 ऑगस्टला फ्रान्सविरुद्ध. फ्रान्सला लवकर हरवायचं तर वाट बेल्जियममधून जात होती. बेल्जियमचं या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं, आणि त्याची तटस्थता पाळण्याचा 1839 चा करार होता. 4 ऑगस्टला जर्मन सैन्य त्या देशात घुसलं. त्या रात्री ब्रिटन युद्धात उतरलं आणि ब्रिटनबरोबर भारतही.

*3. प्रत्येकाची बाजू*

आता न्यायाधीशासारखं नको, वकिलासारखं ऐकू. प्रत्येकाची बाजू त्याच्या तोंडून.

ऑस्ट्रिया म्हणतं : आमचा युवराज मारला गेला. शेजारच्या देशातली माणसं यात आहेत. गप्प बसलो तर आमचं अनेक भाषांचं राज्य फुटेल.

सर्बिया म्हणतो : खून आमच्या सरकारने केला नाही. दहातल्या बहुतेक मागण्यांना होकार दिला, अजून किती वाकायचं? पण हेही खरं की शस्त्रं घेऊन पोरं सीमेपार गेल्याची कुणकुण पंतप्रधान पाशिच यांना आधी लागली होती, आणि नेमका, स्पष्ट इशारा ऑस्ट्रियापर्यंत पोचला नाही.

जर्मनी म्हणतं : आमच्या एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला फ्रान्स. दोघांचा आपसात करार. रशियाने सैन्य गोळा केल्यावर आम्ही हातावर हात धरून बसायचं का?

रशिया म्हणतो : 1908 मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया आपल्या राज्याला जोडला तेव्हा आम्ही अपमान गिळला. या वेळी सर्बियाला सोडलं तर आमच्या शब्दाला किंमत राहणार नाही.

फ्रान्स म्हणतो : रशिया एकटा पडला तर उद्या आमची पाळी. म्हणून त्याला धीर दिला, आवरलं मात्र नाही.

ब्रिटन म्हणतं : आमचे परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांनी चार देशांची बैठक सुचवली होती, जर्मनीने ती नाकारली. पण ब्रिटनने स्वतः कोणत्या बाजूला उभं राहणार हे 29 जुलैपर्यंत जर्मनीला स्पष्ट सांगितलं नाही. मंत्रिमंडळातच दोन मतं होती.

वाचताना प्रत्येकाचं थोडं थोडं पटतं की नाही? कारण प्रत्येकजण एकच वाक्य बोलतो आहे : "माझ्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. समोरच्याने मला भाग पाडलं." सहा सरकारं, सहाही स्वसंरक्षण करणारी, आणि तरी युद्ध झालं.

*4. मग ती 'पन्नास वर्षं'?*

आपल्या वर्गातल्या दुसऱ्या गटाचं म्हणणं इथे येतं. युरोप आधीच दोन गटांत विभागलेला होता. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये युद्धनौका बांधायची चढाओढ होती. वसाहतींवरून वैर होतं. सैन्याची हालचाल रेल्वेच्या वेळापत्रकात इतकी घट्ट बांधलेली होती की 1 ऑगस्टला कैसरने "फक्त रशियाकडे सैन्य पाठवा" म्हटल्यावर सेनापती मोल्टके म्हणाले, आता बदल होणे नाही. ही सगळी खरी कारणं आहेत, ती बाजूला टाकता येत नाहीत.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हीच कारणं 1905 मध्ये होती, 1908 मध्ये होती, 1911 मध्ये मोरोक्कोवरून तणाव झाला तेव्हा होती. 1912-13 मध्ये बाल्कन प्रदेशात प्रत्यक्ष दोन युद्धं झाली, तेव्हाही होती. प्रत्येक वेळी मोठ्या देशांमध्ये युद्ध होता होता टळलं. नळी तेव्हाही चिरलेलीच होती. कोणीतरी वेळेवर रेग्युलेटर बंद केला.

म्हणजे कारणांमुळे युद्ध शक्य झालं. ते घडलं मात्र काही माणसांच्या निर्णयांमुळे, ठराविक तारखांना, ठराविक खोल्यांत. "परिस्थितीच तशी होती" हे उत्तर अर्धं आहे.

*5. निकाल कसा बदलत गेला*

हा भाग आम्हाला सगळ्यात जास्त शिकवून गेला.

युद्ध सुरू झाल्याबरोबर प्रत्येक सरकारने आपापली कागदपत्रं छापून लोकांपुढे ठेवली. जर्मनीचं पांढरं पुस्तक, ब्रिटनचं निळं, रशियाचं नारिंगी, फ्रान्सचं पिवळं, ऑस्ट्रियाचं लाल. कव्हरच्या रंगावरून नावं. सगळ्यांचा दावा एकच : हे बघा पुरावे, आम्ही निर्दोष. आणि गैरसोयीचे कागद गाळलेले. आजच्या भाषेत सांगायचं तर सोयीचे तेवढे स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकले.

युद्ध संपल्यावर 28 जून 1919 रोजी, म्हणजे सारायेव्होच्या घटनेला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, व्हर्सायचा तह झाला. त्यातल्या 231 व्या कलमात झालेल्या सगळ्या नुकसानीची जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या मित्रांवर टाकली. हे कलम मुख्यतः भरपाई वसुलीला कायदेशीर आधार म्हणून घातलं होतं, आणि त्यात 'अपराध' असा शब्दही नाही. पण जर्मन लोकांनी ते 'सगळा दोष तुमचाच' असंच वाचलं. वाटाघाटीत त्यांना बसूच दिलं नव्हतं. 1921 मध्ये भरपाईचा आकडा 132 अब्ज सोन्याचे मार्क ठरला. त्या अपमानावर पुढे हिटलरने आपलं राजकारण उभं केलं, हे आपल्याला माहीत आहेच.

मग लंबक दुसरीकडे गेला. जर्मन परराष्ट्र खात्याने आपल्यावरचा ठपका पुसण्यासाठी वेगळा विभागच काढला. ब्रिटनचे युद्धकाळातले पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनीही 1933 च्या आठवणींत साधारण असंच मांडलं की सगळीच राष्ट्रं घसरत घसरत युद्धात पडली. हे ऐकायला सगळ्यांनाच बरं वाटलं. सगळे दोषी म्हणजे कोणीच दोषी नाही!

1961 मध्ये फ्रित्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने आपल्याच देशाची दप्तरं तपासून मांडलं की युद्धाचा मोठा दोष जर्मनीच्या सत्ताधाऱ्यांकडेच जातो. त्यांना विस्तार हवा होता आणि त्यासाठी त्यांनी धोका जाणूनबुजून पत्करला. देशात मोठं वादळ उठलं. 1964 मध्ये त्यांच्या अमेरिकेतल्या व्याख्यान दौऱ्याचे सरकारी पैसेसुद्धा काढून घेतले. पण परक्याचा नाही, स्वतःच्या घराचा हिशेब त्यांनी मागितला. आमच्या गटात सगळ्यांना हे फार मोठं वाटलं.

2012 मध्ये ख्रिस्तोफर क्लार्क यांचं 'द स्लीपवॉकर्स' आलं. झोपेत चालणारी माणसं, असा नावाचा अर्थ. त्यांनी सर्बिया, रशिया आणि फ्रान्सच्या वागण्यावरही उजेड पाडला. त्यावरही वाद झाले, अजून चालू आहेत.

*6. आम्ही काय समजलो*

आमच्या गटाचं मत स्पष्ट सांगतो. पटलं नाही तर जरूर कळवा.

पहिलं. सगळ्यांचा दोष सारखा नाही. रेग्युलेटर बंद करायची संधी सर्वात जास्त वेळा व्हिएन्ना आणि बर्लिनकडे आली : सर्बियाचं नमतं उत्तर, ग्रे यांची बैठक, खुद्द कैसरची सूचना. तिन्ही वेळा तिथेच नकार किंवा दिरंगाई झाली. म्हणून सर्वात मोठा जबाब त्यांनीच द्यायचा. आणि 'सगळेच सारखे' म्हणणं हा बेल्जियमवर अन्याय आहे. त्याने कोणाचंच काही बिघडवलं नव्हतं.

दुसरं. त्यामुळे बाकीचे सुटत नाहीत. आपण जबाबदारीची भाकरीसारखी वाटणी करतो, एकाला जास्त दिली की दुसऱ्याला कमी. तसं नसतं. जर्मनीचा दोष मोठा ठरला म्हणून झारच्या हुकुमाचं वजन घटत नाही, की सर्बियाच्या त्या अधिकाऱ्याने पोरांच्या हातात दिलेली पिस्तुलं परत येत नाहीत. प्रत्येकाचा हिशेब पूर्ण आणि वेगळा.

तिसरं. "त्याने आधी केलं" हे वाक्य खरं असू शकतं, पण ते त्याच्या कृतीचं वर्णन आहे. माझ्या कृतीचा जबाब त्यातून मिळत नाही. माझी पाळी आली तेव्हा माझ्या हातात काय होतं आणि मी काय केलं, एवढंच मला विचारलं जाणार.

*7. ज्यांना कोणी विचारलं नाही*

वर आम्ही म्हटलं की भारत युद्धात उतरला. खरं तर उतरवला गेला. व्हाइसरॉयने जाहीर केलं आणि झालं, एकाही भारतीयाचं मत घेतलं नाही. सुमारे 13 लाख भारतीय या युद्धासाठी गेले. त्यातले सुमारे 74 हजार परत आले नाहीत.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आमच्या बेळगावात आहे, म्हणून हे आम्हाला लांबचं वाटत नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पाठवलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा गावात या फौजेला तुर्की सैन्याने वेढलं. जवळजवळ पाच महिने उपासमार सोसून 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती झाली. सैनिक आणि सोबतची कामकरी माणसं मिळून सुमारे 13 हजार जण कैद झाले. वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत कितीतरी जण गेले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात एका गावातले 46 जवान या युद्धात कामी आल्याची नोंद दगडावर कोरलेली आहे. हैदराबादच्या वाचकांसाठी सांगतो, दिल्लीतल्या तीन मूर्तींमधली एक हैदराबाद लान्सर्सची आहे. जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांबरोबर ते पॅलेस्टाइनच्या आघाडीवर होते.

व्हर्सायच्या तहावर भारताच्या वतीने बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांचीही सही आहे. म्हणजे युद्ध करताना विचारलं नाही, पण दोष कोणाचा हे ठरवणाऱ्या कागदावर आपली सही घेतली.

अपशिंगेच्या त्या 46 घरांत सारायेव्हो हे नाव तरी कोणाला माहीत असेल का? निर्णय घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण पुढे आठवणी लिहायला जिवंत राहिले. बेटमान-होलवेगना त्यांच्या आधीचे चॅन्सेलर ब्यूलो यांनी विचारलं होतं, "अहो, हे झालं तरी कसं?" त्यावर त्यांनी हात वर केले, आपल्यालाच कळत नाही अशा अर्थी. म्हणून "कोण जबाबदार" हा वाद रिकामटेकड्यांचा नाही. तो सोडून दिला तर त्या 46 जणांच्या वतीने जबाब मागायला कोणीच उरत नाही.

*8. आपल्या उंबऱ्याच्या आत*

घरातली भांडणं महायुद्धाएवढी नसतात, पण पायऱ्या त्याच असतात. वाटणीवरून दोन भाऊ बोलत नाहीत. एखादी आत्या किंवा मामा एका बाजूला 'कोरा चेक' देतात, "तू लढ, आम्ही आहोत." नोटीस जाते, तीही समोरचा गावाला गेलेला असताना. समोरून नमतं उत्तर येतं, पण त्यातली एकच नकाराची ओळ दिसते. कोणीतरी मध्यस्थाची बैठक सुचवतं, तर "आता बोलण्यात अर्थ नाही." आणि सोयीचे स्क्रीनशॉट फिरायला लागतात.

यात बहुतेक वेळा आपण भांडणारे नसतो, आपण ती आत्या किंवा मामा असतो. पाठिंबा देणाऱ्याचीही जबाबदारी असते, हे 5 जुलैच्या त्या कोऱ्या चेकवरून दिसतं. आणि भांडण मिटताना सगळा दोष एकाच्या माथी मारून त्याला खोलीबाहेर बसवलं, तर ते मिटलेलं नसतं, फक्त पुढे ढकललेलं असतं.

*मननासाठी प्रश्न*

(प्रत्येकाने वहीत उत्तर लिहावं. ग्रुपवर टाकण्याची सक्ती नाही.)

1. सध्याच्या एखाद्या युद्धाबद्दल तुमचं ठाम मत असेल, तर त्यात निमित्त कोणतं, कारणं कोणती आणि जबाबदारी कोणाची, हे तीन रकान्यांत लिहून पाहा. तिन्ही रकान्यांत एकच नाव येतं का?

2. ज्या बाजूचा तुम्हाला राग येतो तिची बाजू चार वाक्यांत, टोमणा न मारता, मांडता येते का?

3. आपल्या बाजूच्या कोणत्या निर्णयाचा जबाब आपण मागितलेला नाही?

4. नात्यातल्या एखाद्या वादात आपण कोणाला 'कोरा चेक' दिला आहे का? तो परत घेता येईल का?

पुढच्या गुरुवारी वर्गात यावर बोलू. ज्यांचं मत आमच्यापेक्षा वेगळं आहे त्यांनी अवश्य यावं, आधी तेच बोलतील. ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांची पहिल्या महायुद्धातली पदकं, पत्रं किंवा फोटो असतील, त्यांनी फोटो काढून गटप्रमुखांकडे पाठवावेत. त्यांची नावंही त्या दिवशी वाचू.

सर्वांना सप्रेम नमस्कार.
— अभ्यास गट, बेळगाव